नदीच्या पाण्यात पारा ‘आढळला नाही’ : या अहवालाचा नेमका अर्थ काय घ्यावा?

वर्धातीर, चंद्रपूर जिल्हा

नमस्कार मंडळी. मी वर्धा नदीकाठच्या एका गावात ग्रामपंचायत सदस्य आहे. बी.एस्सी.ला रसायनशास्त्र घेतले होते, त्यामुळे पाण्याशी संबंधित कोणताही कागद गावात आला की तो फिरून माझ्याकडेच येतो. आमच्या शिवाराच्या वरच्या अंगाला औष्णिक वीजकेंद्राचा राखड साठवण्याचा तलाव आहे. गेल्या पावसाळ्यात त्याच्या बांधावरून राखमिश्रित पाणी सलग दोन दिवस नाल्यात उतरले आणि नाल्यातून नदीला मिळाले. पूर ओसरल्यावर रेतीघाटाच्या कडेला आणि त्याच्या खालच्या डोहात करडा, बोटांना पिठासारखा लागणारा थर बसलेला आम्ही सर्वांनी पाहिला.

त्यानंतर पंचायतीने स्वखर्चाने सहा नमुने तपासून घेतले. त्यांपैकी तीन नदीचे, एक नाल्याचा आणि दोन हातपंपांचे होते. पिण्याच्या पाण्याच्या रिकाम्या प्लॅस्टिक बाटल्या स्वच्छ विसळून त्यांत शुक्रवारी नमुने भरले, शनिवार-रविवार ते पंचायतीच्या कपाटात राहिले आणि सोमवारी एस.टी.ने नागपूरला पोहोचले. अहवालात सहाही नमुन्यांपुढे ‘पारा : आढळला नाही’ असा शेरा आहे. ग्रामसभेत तो वाचून दाखवल्यावर वीजकेंद्राकडून आलेल्या साहेबांनी विषय संपल्याचे सांगितले आणि बहुतेकांनी माना डोलावल्या.

माझे समाधान मात्र झालेले नाही, आणि ते का झाले नाही हे मला नीट मांडताही येत नाही. आम्ही तपासले ते पाणी पुरानंतर सुमारे दोन महिन्यांनी घेतलेले होते, म्हणजे घटनेच्या वेळचे पाणी तोवर प्राणहितेत पोहोचून पुढे गोदावरीला मिळालेले असणार. जो थर मागे राहिला त्याला कोणी हातच लावला नाही. नदीतल्या पाऱ्यावर लक्ष ठेवायचे असेल तर पाणी तपासावे की गाळ, कोणत्या महिन्यात, किती ठिकाणी, आणि आलेला आकडा कशाशी ताडून पाहावा, हे जाणकारांनी कृपया सविस्तर सांगावे. आमच्याकडे पैसा थोडा आहे, त्यामुळे दुसऱ्यांदा चूक करण्याची सोय नाही.

निवृत्त विश्लेषक, नागपूर

ताई, तुमची शंका रास्त आहे. पाण्याच्या प्रयोगशाळेत माझी नोकरीची सगळी वर्षे गेली आणि ‘आढळला नाही’ या दोन शब्दांनी जेवढी फसगत होते तेवढी चुकीच्या आकड्यानेही होत नाही, असे माझे मत झाले आहे. अहवालाच्या शेवटच्या पानावर किंवा तळटिपेत शोधमर्यादा, म्हणजे डिटेक्शन लिमिट, दिलेली असते ती आधी पाहा. साध्या उपकरणावर पाऱ्याची ही मर्यादा बहुधा लिटरला ०.०००५ किंवा ०.००१ मिलिग्रॅम असते. हा आकडा फार लहान वाटतो, पण तो नॅनोग्रॅममध्ये लिहिला तर ५०० किंवा १००० होतो, आणि प्रदूषण नसलेल्या नदीच्या पाण्यात एकूण पारा सामान्यतः लिटरला काही थोडे नॅनोग्रॅम एवढाच असतो. म्हणजे तुमच्या नदीतला पारा नैसर्गिक पातळीच्या पन्नासपट झाला असता तरी अहवालात तोच शेरा आला असता. जिनिंगवरच्या ज्या काट्यावर कापसाची गाडी तोलतात त्यावर नथ ठेवली तर काटा हलत नाही, एवढाच त्याचा अर्थ.

अहवाल अगदीच निरुपयोगी आहे असेही नाही. पिण्याच्या पाण्यासाठी आयएस १०५०० या भारतीय मानकात पाऱ्याची मर्यादा लिटरला ०.००१ मिलिग्रॅम आहे आणि जागतिक आरोग्य संघटनेचे असेंद्रिय पाऱ्यासाठीचे मार्गदर्शक मूल्य ०.००६ आहे. नमुने नीट घेतले असते, तर हातपंपाचे पाणी पाऱ्याच्या बाबतीत पिण्यास योग्य आहे एवढे या अहवालावरून म्हणता आले असते. पण नमुने नीट घेतले गेले नाहीत, आणि हे सांगताना तुम्हाला दोष देण्याचा हेतू नाही, कारण बाटली कशी हवी हे तुम्हाला कोणी सांगितलेच नव्हते. पाण्यातला पारा बाटलीच्या भिंतीला चिकटतो. आम्ल घालून तो द्रावणात धरून ठेवला नाही तर तीन दिवसांत त्याचा बराच भाग भिंतीवर जातो आणि उपकरणापर्यंत पोहोचतच नाही. साध्या पॉलिथिनच्या बाटलीतून पाऱ्याची वाफ आरपारही जाते. त्यामुळे आकडा खोटा कमी येऊ शकतो, आणि बाटली पाऱ्याची वाफ असलेल्या खोलीत पडून राहिली तर खोटा जास्तही येऊ शकतो.

पुन्हा पाणी घ्यायचे झाल्यास बाटली काचेची किंवा टेफ्लॉनची, आम्लाने धुतलेली आणि घट्ट झाकणाची असावी, आणि ती प्रयोगशाळेकडूनच मागून घ्यावी. नमुना घेताना दोन माणसे लागतात. एकाने फक्त बाटलीला हात लावायचा आणि बाकीचे सर्व, म्हणजे पिशवी उघडणे, डोंगा धरणे, दोरी सोडणे, दुसऱ्याने करायचे. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेच्या नमुना-पद्धतीत या दोघांना ‘स्वच्छ हात’ आणि ‘मळके हात’ अशीच नावे आहेत. दातांत चांदीसारखे दिसणारे मिश्रण भरलेल्या माणसाच्या उच्छ्वासाने सुद्धा नमुना दूषित होऊ शकतो, अशी सूचना त्याच पद्धतीत आहे. मी पहिल्यांदा वाचले तेव्हा हसलो होतो, पण लिटरमागे नॅनोग्रॅम मोजायचे म्हणजे खरोखर इतके जपावे लागते. प्रयोगशाळेतील अतिशुद्ध पाण्याची एक बाटलीही सोबत न्यावी आणि नदीकाठी उघडून, दुसऱ्या बाटलीत ओतून परत आणावी. त्या कोऱ्या नमुन्यात पारा निघाला तर तो नदीचा नव्हे, तुमच्या हाताळणीचा, हे कळते. तपासणी शीत-बाष्प अणुप्रतिदीप्ती पद्धतीने झाली तर ०.५ नॅनोग्रॅमच्या आसपासची पातळी खात्रीने मोजता येते. ही सोय प्रत्येक प्रयोगशाळेत नसते, त्यामुळे पैसे भरण्याआधी मर्यादा लेखी विचारून घ्यावी.

एवढे सारे सांगून झाल्यावर माझा सल्ला असा की, पैसा थोडा असल्यास तो पाण्यावर घालू नका. पारा पाण्यात फार काळ राहत नाही. तो बारीक मातीच्या आणि सेंद्रिय पदार्थांच्या कणांना धरतो आणि त्यांच्याबरोबर तळाशी बसतो. लिटरभर पाण्यात असतो त्याच्या हजारो ते लाखोपट पारा किलोभर गाळात असणे ही नेहमीची गोष्ट आहे. पाणी हे त्या क्षणाचे छायाचित्र असते, तर गाळात कैक महिन्यांचा हिशेब साठलेला असतो. जपानमधील मिनामाटा येथे कारखान्याच्या सांडपाण्यातील पाऱ्यामुळे झालेला आजार १९५६ साली अधिकृतपणे नोंदला गेला आणि कारखान्याची पारा वापरणारी प्रक्रिया १९६८ साली बंद झाली. तरीही त्या उपसागराच्या तळाचा सुमारे १५ लाख घनमीटर दूषित गाळ उपसून आणि बंदिस्त करून काम संपायला १९९० साल उजाडले. सांडपाणी थांबले होते, गाळ तिथेच होता.

डोंगेवाला, भंडारा जिल्हा

मी वैनगंगेवर मासेमारी करणाऱ्या संस्थेचा सभासद आहे. नागपूरचे सांडपाणी नाग नदीतून कन्हानमध्ये, कन्हानमधून वैनगंगेत आणि शेवटी गोसीखुर्दच्या जलाशयात येते, त्यामुळे पाणी तपासणारे लोक आमच्याकडे अधूनमधून येतात. ते बाटल्या भरतात, फोटो काढतात आणि जातात. मासोळी तपासायला नेली असे मी एकदाच पाहिले, आणि तीही बाजारातून विकत घेतलेली. ती कोणत्या तलावातली होती हे विकणाऱ्यालाही सांगता आले नसते.

ताईंनी लिहिले त्यात गावच्या ढिवर कुटुंबांचा उल्लेख नाही. नदीचे पाणी थेट पिणारे आता कमी झाले असतील, पण डोहातली मरळ आणि वाम खाणारे पुष्कळ आहेत, आणि ज्यांच्या घरी आठवड्यातून चार दिवस मासोळी शिजते त्यांनाच आधी विचारायला हवे. तज्ज्ञांनी एवढे सांगावे की राखडीचा पारा मासोळीत जातो का, आणि जात असेल तर धुऊन, कातडी काढून किंवा चांगली शिजवून तो निघतो का.

निवृत्त विश्लेषक, नागपूर

दादा, प्रश्न नेमका आहे. धुऊन, सोलून किंवा शिजवून तो निघत नाही. गाळातला पारा बहुतांशी असेंद्रिय असतो. ऑक्सिजन नसलेल्या चिखलात राहणारे काही जिवाणू, विशेषतः सल्फेट आणि लोह यांवर श्वसन करणारे, त्याचे मिथिल पारा या संयुगात रूपांतर करतात. हे संयुग मासोळीच्या मांसातील प्रथिनांना बांधले जाते, चरबीत नव्हे, म्हणून कातडी किंवा चरबी काढून काही साधत नाही. लहान मासोळीला मोठी मासोळी खाते तसा तो प्रत्येक पायरीवर वाढत जातो, आणि शिकारी माशात त्याचे प्रमाण भोवतालच्या पाण्याच्या लाखो पटींवर जाऊ शकते. तलावात सोडलेले रोहू आणि कटला शिकारी नाहीत आणि लवकर काढले जातात, म्हणून त्यांत तो कमी असतो. वर्षानुवर्षे डोहात राहिलेली मोठी मरळ ही तपासणीच्या दृष्टीने सर्वांत बोलकी.

मासोळीच्या बाबतीत पाण्यासारखी नाजूक हाताळणी लागत नाही. शिकारी माशाच्या मांसातला जवळजवळ सगळा पारा मिथिल रूपातच असतो, त्यामुळे स्वस्तातली एकूण पाऱ्याची तपासणी पुरते. सर्व मरळी साधारण सारख्या लांबीच्या घ्याव्यात, प्रत्येकीची लांबी, वजन आणि पकडल्याची जागा लिहावी, आणि बर्फात ठेवून लगेच पोहोचवाव्यात. सामान्य माशांसाठी आपल्याकडची अन्नसुरक्षेची मर्यादा किलोला ०.५ मिलिग्रॅम पारा अशी आहे. मात्र ती बाजारातल्या सर्वसाधारण ग्राहकाचा विचार करते, रोज खाणाऱ्याचा नाही. संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञ समितीने मिथिल पाऱ्यासाठी शरीराच्या प्रत्येक किलो वजनामागे आठवड्याला १.६ मायक्रोग्रॅम ही सहनमर्यादा धरली आहे. पन्नास किलो वजनाच्या बाईसाठी ती ८० मायक्रोग्रॅम होते. मासोळीत किलोला बरोबर ०.५ मिलिग्रॅम पारा असेल, म्हणजे ती कायद्याने विकण्याजोगी असेल, तरी अशी १६० ग्रॅम मासोळी खाल्ली की आठवड्याचा वाटा संपला. हा हिशेब गर्भवती बायकांच्या बाबतीत सर्वांत महत्त्वाचा आहे, कारण मिथिल पारा वारेतून गर्भापर्यंत पोहोचतो आणि त्याच्या मेंदूच्या वाढीवर परिणाम करतो.

वर्धातीर, चंद्रपूर जिल्हा

सर, अहवाल पुन्हा काढून पाहिला. तळटिपेत बारीक अक्षरांत ०.०००५ मिलिग्रॅम प्रति लिटर असेच छापलेले आहे, आणि ग्रामसभेत तो कागद वाचणारी मीच होते. डोंगेवाले दादांनी काढलेली चूकही मान्य आहे. ढिवर मोहल्ल्यातल्या कोणाला नमुन्यांच्या वेळी आम्ही बोलावले नव्हते.

आता गाळच तपासायचा असे ठरते आहे. नाला नदीला मिळतो त्याच्या वरच्या बाजूला एक आणि खालच्या बाजूला एक नमुना घेऊन दोन्हींची तुलना केली तर पुरेसे होईल का?

गोंडवन भूविज्ञान, यवतमाळ

मी भूविज्ञान शिकवतो. वर एक आणि खाली एक हा आराखडा कागदावर चांगला दिसतो, पण वर्धेवर तो एकटा पुरणार नाही. वर्धेचे वरचे खोरे दख्खनच्या काळ्या कातळातून आणि काळ्या मातीतून येते, तर चंद्रपूर-वणी भागात ती गोंडवनातील कोळसाधारी वालुकाश्मांवर आणि चुनखडकांवर उतरते. काळी चिकणमाती अतिशय बारीक कणांची असते आणि धातू धरून ठेवते, वालुकाश्मातून येणारी रेती काहीच धरत नाही. तुम्ही वरच्या अंगाला चिकट गाळ आणि खालच्या अंगाला रेतीघाटाची रेती घेतलीत तर आकडा उलटा येईल आणि राखडीने नदी स्वच्छ केली असे सिद्ध होईल! म्हणून नमुना नेहमी संथ पाण्याच्या कोपऱ्यातला, बारीक चिखलाचा घ्यावा, वरचा दोनेक सेंटीमीटरचा थर प्लॅस्टिकच्या चमच्याने काढावा, एका ठिकाणचे चार-पाच चमचे एकत्र करावेत, आणि प्रयोगशाळेत ६३ मायक्रॉनच्या चाळणीतून गेलेला भागच तपासायला सांगावा. त्याच नमुन्यातील ॲल्युमिनियम आणि सेंद्रिय कर्बही मोजून घ्यावा. पाऱ्याचे ॲल्युमिनियमशी असलेले गुणोत्तर पाहिले की मातीच्या बारीकपणाचा फरक बराच निघून जातो. तुलनेसाठी वर्धेच्या वरच्या भागाबरोबरच, त्याच गोंडवन खडकांतून येणारा पण राखड न मिळणारा एखादा नालाही घ्यावा.

सुकवण्याकडे विशेष लक्ष द्यावे. मातीचे नमुने १०५ अंशांच्या भट्टीत वाळवण्याची प्रयोगशाळांना सवय असते, त्या उष्णतेत पाऱ्याचा काही भाग उडून जातो. चाळीस अंशांच्या आत किंवा गोठवून वाळवण्याची अट पत्रात लिहावी. ओलावा मोजायला वेगळा भाग वापरता येतो. थेट पारा विश्लेषक हे उपकरण उपलब्ध असेल तर उत्तम. त्यात वाळलेला गाळ तसाच तापवतात, निघालेली पाऱ्याची वाफ सोन्यावर धरतात, मग सोडून २५३.७ नॅनोमीटरच्या प्रकाशात मोजतात. आम्लात उकळण्याची पायरीच नाही, त्यामुळे गडबडीला वाव कमी.

एक गैरसमजही काढतो. कोळशातला सगळा पारा राखेत राहतो असे नाही. भट्टीच्या तापमानाला तो जवळजवळ पूर्ण वाफ होतो. धूर थंड होताना काही भाग राखेच्या कणांना, विशेषतः न जळलेल्या कर्बाला, चिकटतो आणि राखेबरोबर पकडला जातो. उरलेला चिमणीतून बाहेर पडतो. त्यातला काही जवळपास उतरतो आणि काही फार दूर जातो. म्हणून राखड कधीच न गेलेल्या तलावातही पारा वाढलेला सापडू शकतो. उलट, सापडलेला सगळा पारा वीजकेंद्राचाच असेही म्हणता येत नाही. बियाण्यांना लावायच्या काही जुन्या बुरशीनाशकांत पाऱ्याची संयुगे असत, आणि फुटलेले तापमापक, नळकांड्यांचे दिवे, जाळलेला कचरा हेही हिशेबात येतात.

यावर माझ्या मते सर्वांत खात्रीचा उपाय म्हणजे गावातल्या जुन्या तलावाचा उभा गाभा. प्लॅस्टिकचा नळ तळात उभा दाबून वर काढायचा आणि दर दोन सेंटीमीटरला एक काप करायचा. खालचे थर वीजकेंद्राच्या आधीचे असतील, तर तेच तुमच्या भूमीचे मूळ प्रमाण. दुसरे कोठे शोधायला नको. शिसे-२१० या समस्थानिकाने, ज्याचा अर्धायुकाल सुमारे २२ वर्षे आहे, थरांचे वयही काढता येते, पण तो खर्च विद्यापीठाच्या मदतीशिवाय झेपणार नाही. तलाव निवडताना मात्र चौकशी करा. ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजनेत २०१७ पासून पुष्कळ तलावांचा गाळ उपसून वावरांत टाकला गेला आहे. उपसलेल्या तलावातले थर वाचता येत नाहीत. आणि राखड गेलेल्या तलावाचा गाळ वावरात टाकायचे ठरले असेल, तर तपासणी होईपर्यंत ते थांबवलेले बरे.

भारतात नदीच्या गाळातील पाऱ्यासाठी बंधनकारक मर्यादा नाही. कॅनडाच्या मार्गदर्शक मूल्यांनुसार गोड्या पाण्यातल्या गाळात किलोला ०.१७ मिलिग्रॅमच्या खाली तळजीवांना धोका क्वचित आणि ०.४८६ च्या वर वारंवार दिसतो. हे आकडे दिशा दाखवण्यापुरते घ्यावेत. तुमचा खरा पुरावा स्वतःच्या मूळ प्रमाणाशी केलेली तुलना हाच राहील.

अर्जदार, वर्धा

प्रयोगशाळेचे झाले, कागदाचे राहिले. माहितीच्या अधिकारात प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे ‘अहवाल द्यावा’ एवढेच मागू नका. नमुना घेतल्याची व तपासल्याची तारीख, शोधमर्यादा, कोऱ्या नमुन्याचे वाचन आणि तुलना कोणत्या मानकाशी केली, हे मुद्दे वेगवेगळे विचारा. शेवटचा मुद्दा महत्त्वाचा आहे, कारण नदीत सोडायच्या सांडपाण्यासाठी पर्यावरण संरक्षण नियमांत पाऱ्याची सर्वसाधारण मर्यादा लिटरला ०.०१ मिलिग्रॅम आहे, म्हणजे पिण्याच्या पाण्याच्या दहापट. नदीचे पाणी या मर्यादेशी ताडून ‘मर्यादेत’ असे लिहिलेले अहवाल मी पाहिले आहेत. चिमणीसाठी वेगळी मर्यादा आहे. डिसेंबर २०१५ च्या अधिसूचनेनुसार धुरात घनमीटरला ०.०३ मिलिग्रॅम. तिच्या मोजमापाच्या नोंदीही मागता येतात. उत्तरासाठी तीस दिवसांची मुदत असते. अर्ज पंचायतीच्या नावाने न करता एखाद्या नागरिकाच्या नावाने करा.

वर्धातीर, चंद्रपूर जिल्हा

सर्वांचे आभार. आमचा विचार आता असा झाला आहे : एप्रिलच्या अखेरीस पाणी उतरल्यावर डोहातील, नाल्याच्या मुखाजवळील, वर्धेच्या वरच्या अंगाचा आणि राखड न मिळणाऱ्या नाल्याचा, असे गाळाचे चार नमुने घ्यायचे. न उपसलेल्या एका बोडीचा, म्हणजे लहान तलावाचा, गाभा काढायचा. मरळी सहा. पाणी फक्त दोन हातपंपांचे, आणि त्यात पाऱ्याबरोबर आर्सेनिक व फ्लोराइडही पाहायचे, कारण आमच्या भागात फ्लोराइडचा त्रास राखडीच्या आधीपासूनचा आहे. पहिला पूर येऊन गेल्यावर डोहाचा नमुना त्याच जागी पुन्हा घेऊ. मरळी कशा मिळवायच्या हे तेवढे ठरलेले नाही.

डोंगेवाला, भंडारा जिल्हा

तुमच्या ढिवर मोहल्ल्यातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा, डोहातली जुनी मरळ कोठे बसते हे त्यांना ठाऊक असते. मात्र हे काम मे महिन्यातच उरकून घ्या. पहिला पाऊस पडला की मरळ अंड्यांवर येते आणि पुढे पिलांची राखण करत फिरते. त्या दिवसांत आम्ही तिच्यावर जाळे टाकत नाही, आणि तुमच्याकडचेही टाकणार नाहीत.